सिलिंडर १०२४

आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी लावलेली आहे: ‘सिलिंडर १०२४, हेड १६, सेक्टर ६३’. आई गावाहून आली की आधी फ्रिजवरचं सगळं वाचते आणि मग फ्रिज उघडते. या खेपेला वाचून झाल्यावरही ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

“अरे, एक हजार चोवीसला झाला सिलिंडर?”

“आई, तो गॅसचा नाही,” बायको आतून म्हणाली. “तो ह्याच्या ‘त्या’चा आहे.”

‘ह्याचं ते’ हे त्या वस्तूचं आमच्या घरातलं अधिकृत नाव. वस्तू म्हणजे नव्वदच्या दशकातला एक ४८६ कॉम्प्युटर. डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम. इथे लोकांना वाटतं मला जीबी म्हणायचं होतं. नव्हतं. याच्या मदरबोर्डावर पिंपाच्या आकाराची एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. मशीन बंद असताना तारीख-वार आणि हार्ड डिस्कची कुंडली लक्षात ठेवणं हे तिचं काम. वर्षानुवर्षं झाली की ती गळते आणि आजूबाजूचं तांबं खाऊन हिरवंगार करून ठेवते. माझीही गळली होती. मी ती कापून काढली आणि चायनीज भेळेसाठी आणलेल्या व्हिनेगरने जागा पुसून घेतली. नवी बॅटरी बसवायची राहिली आहे. तीन वर्षं झाली, राहिली आहे.

त्यामुळे चालू केलं की दर वेळी ते कोऱ्या पाटीने उठतं. आपल्याला हार्ड डिस्क आहे हेच त्याला आठवत नाही. मग चिठ्ठी बघून सांगावं लागतं की बाबा रे, तुझे सिलिंडर एवढे, हेड एवढे, सेक्टर एवढे (ही हार्ड डिस्कची मापं). आणि तारीख असते १ जानेवारी १९८०, कारण डॉसचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, पंचांग तिथूनच सुरू होतं. त्याच्या मुंबईत अजून गिरण्यांचे भोंगे वाजताहेत, संपाला दोन वर्षं अवकाश आहे, गावसकर सलामीला उतरतोय आणि माझ्या आईबाबांचं लग्न व्हायचंय.

“मग बॅटरी का नाही टाकत?” बायको महिन्यातून एकदा विचारते. मी “टाकायचीय” म्हणतो.

एक खुलासा आधीच करतो. हे जुन्या आठवणींचं प्रेम वगैरे नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरातलं सगळ्यात प्रगत यंत्र म्हणजे बाबांचा कॅल्क्युलेटर, आणि तोही बाबा झोपल्यावरच हाताला लागायचा. मला हे मशीन आवडतं कारण त्याच्या पोटात काय चाललंय ते ऐकू येतं. रॅम मोजताना टिकटिक करतं, फ्लॉपी वाचताना घसा खाकरतं, आणि काही दुखत असेल तर शिटी मारून सांगतं. एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. मग कार्ड काढायचं, त्याचे सोनेरी दात मुलाच्या खोडरबराने घासायचे, परत बसवायचं. माझा हजारोंचा फोन बंद पडला तेव्हा त्याने साधं ‘अं’सुद्धा केलं नाही.

पण मुंबईत या छंदाची अडचण तांत्रिक नसतेच. ती चौरस फुटांची असते.

मॉनिटर घरी आणला तो दिवस सांगतो. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत कुणीतरी ऑफिस रिकामं करत होतं. (त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते उच्चारून पत्ता विचारलात तर टॅक्सीवाला तुमच्याकडे सहानुभूतीने बघतो.) चौदा इंची, काचेच्या नळीचा, पाठीमागे पोट सुटलेला मॉनिटर. “घेऊन जा, पैसे नकोत” असं म्हणणारा माणूस मुंबईत भेटला की समजावं, त्याने टेम्पोचं भाडं वाचवलं आहे. मी तो कडेवर घेऊन ग्रँट रोड स्टेशनात शिरलो. बोरिवली स्लोच्या साध्या डब्याने मला एक नजर टाकून नाकारलं, तेव्हा मालडब्यात चढलो. आत तीन कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन परतत होत्या.

“टीव्ही घेतलास काय रे?” त्यातल्या थोरलीने विचारलं.

“कॉम्प्युटरचा आहे, मावशी. जुना.”

“जुना? मग टाकायला चाललास का आणायला?”

हा प्रश्न मला आजवर अनेकांनी अनेक प्रकारे विचारला आहे, पण इतका नेमका कुणी विचारला नाही. मी “आणायला” म्हटल्यावर तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि थोरलीने आपली पाटी सरकवून जागा करून दिली. वर पाटीखालचा गोणपाटही दिला, काचेला धक्का लागू नये म्हणून. गोरेगावला उतरताना मी तो परत करू लागलो तर “राहू दे, तुला लागेल” म्हणाली. त्या गोणपाटाचा परिणाम असा झाला की आमचा मॉनिटर पंधरा-वीस मिनिटं चालून तापला की त्याच्या जाळीतून बोंबलाचा वास येतो. मुलगा शेजारी बसून “बाबा, आज सुकट लोड होतंय” म्हणतो.

घर ४१० चौरस फुटांचं. मॉनिटर एका वेळी कुठेतरी मावतो, सीपीयू कुठेतरी. (आतली चिप म्हणजे सीपीयू, अख्खा डबा नव्हे, हे सांगायचं मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडलं.) आजवर तो पलंगाखाली, माळ्यावर आणि तांदळाच्या डब्याशेजारी राहून आला आहे. गणपतीत त्याच्यावर पांढरी चादर टाकून मखराची खालची पायरी केली होती. आरतीला आलेल्यांनी नकळत त्यालाही नमस्कार केला, त्या पाच दिवसांत माझी छाती अंमळ फुगलेली होती.

एकदा जागेवरून फारच झालं तेव्हा मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, आपल्या याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर चालू झाला. आपल्या माणसांनी बांधलेला. २७०० व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या! आणि स्मृती किती, तर ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी. त्यापुढे माझा केवढासा आहे बघ.

“त्यांना जागा सरकारने दिली होती,” बायको म्हणाली.

डब्याच्या दर्शनी भागावर लाल आकड्यांत ‘६६’ झळकतं आणि शेजारी टर्बोचं बटण आहे. टर्बो दाबलं की ‘३३’ होतं. पाहुणे यावर खूश होतात. खरं म्हणजे टर्बो बटण वेग वाढवायला नव्हे, कमी करायला असतं, कारण जुने खेळ वेगवान मशीनवर पाठीमागे वाघ लागल्यासारखे पळायचे. आणि तो आकडा कुणी मोजत नाही. पाठीमागे पिना असतात, त्यांच्यावर टोप्या बसवून हवा तो आकडा लावायचा. बिल्डरच्या सुपर बिल्टअपसारखं. मी एकदा ‘९९’ लावला होता. मशीनला काही फरक पडला नाही, मला बरं वाटलं.

यावर आधी मी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम घालायला निघालो होतो. तिथे एक करुण प्रकार आढळला. लिनक्स जन्मलं १९९१ साली, ३८६ चिपसाठी. पुढे ते इतकं मोठं झालं की २०१३ च्या ३.८ आवृत्तीत त्यांनी ३८६ लाच हात जोडले. नातू टॉवरमध्ये राहायला गेला आणि आजोबांना लिफ्टमध्ये घेत नाहीत, तसं. माझा ४८६ असल्याने अगदीच हाकलला नसता, पण मानही राहिला नसता. तेव्हा फ्रीडॉस घातलं. मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार हे दिसल्यावर जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने २९ जून १९९४ रोजी जाहीर केलं की आपण आपलं फुकटचं, खुलं डॉस लिहू या. लोक जमले, आणि १.० आवृत्ती आली २००६ मध्ये. बारा वर्षं! हसू नका. बारा वर्षांत आमच्या सोसायटीने पुनर्विकासासाठी फक्त वकील ठरवला आहे.

तर सोसायटी. आमचे सेक्रेटरी काका शिस्तीचे. मी दोन दिवस सीपीयू जिन्याच्या वळणावर ठेवला तर फळ्यावर सूचना लागली: ‘काही सभासद जिन्यात भंगार ठेवतात. ते भंगारवाल्यास देण्यात येईल.’ ‘काही सभासद’ हे अनेकवचन फक्त सौजन्याचं होतं.

तेच काका परवा रात्री साडेनऊला दारात उभे. हातात श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा. मला वाटलं, गोड काहीतरी आहे. डब्यात पाच फ्लॉपी होत्या, सव्वापाच इंची, चामड्यासारख्या मऊ.

प्रकरण असं होतं की बिल्डरच्या वकिलाला सभासदांची जुनी थकबाकी हवी होती. जुने खतावणीचे बाड ऑफिसात, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, त्यात तळमजला बुडाला आणि बाडांचा लगदा झाला. फ्लॉपी कपाटाच्या डोक्यावर होत्या म्हणून वाचल्या.

“तुमच्या त्या... उपकरणावर हे दिसेल का?” काका म्हणाले. भंगाराचं उपकरण झालं होतं. मी हा क्षण पुरवून पुरवून अनुभवला. चहा झाल्याशिवाय हो म्हटलं नाही.

सव्वापाच इंचीचा ड्राइव्ह माझ्याकडे होता. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे घेतलेला. तिथे प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात, एक भंगाराचा आणि एक अँटिकचा. कुठला लागणार हे तुमच्या चेहऱ्यावर ठरतं. माझा चेहरा अशा वेळी फितूर होतो.

फ्लॉपींवर मात्र बुरशी होती. बाहेरून नव्हे, आतल्या तबकडीवर, पांढरी, नक्षीदार. मुंबईचा पावसाळा पापडालाही सोडत नाही, तिथे चुंबकी लेपाचं काय. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ती वाचणारं हेडही बरबटतं आणि पुढच्या फ्लॉपीलाही प्रसाद मिळतो. म्हणून कवचाची एक कड ब्लेडने उघडायची, तबकडी अलगद काढायची, धुवायची, वाळवायची, दुसऱ्या कवचात घालायची. रविवारी सकाळी आमच्या बाल्कनीत चार काळ्या तबकड्या चिमट्यांना लटकत होत्या. पाचवीला कुणीतरी पंचिंग मशीनने भोकं पाडून फायलीत ओवलं होतं. तिच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. आईने समोरच्या काकूंना परस्पर सांगून टाकलं, “नाचणीचे आहेत.”

तिसरी फ्लॉपी वाचली गेली. घर्र, घर्र, खट्, आणि ओळी उमटल्या. समोर खुर्च्या ओढून सेक्रेटरी काका, खजिनदार आणि बोंबलाचा वास. त्या काळच्या अकाउंटंटने क्लिपर या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला हिशोबाचा प्रोग्रॅम, सोबत नोंदी साठवणाऱ्या डीबेसच्या फायली. आडनावाला इंग्रजी आठ अक्षरांची जागा. कुलकर्णी नेमके मावले होते, देशपांड्यांचं शेपूट उडालं होतं आणि क्षीरसागरांचा सागर निम्मा आटला होता. पण प्रोग्रॅम सुरू झाला. कुणी अनोळखी लोकांनी फुकट लिहिलेल्या डॉसवर, कुणा विसरलेल्या माणसाचा प्रोग्रॅम. माझ्या अंगावर शहारा आला. काकांच्या आला नाही, ते म्हणाले, “थकबाकी दाखवा.”

अख्ख्या इमारतीत थकबाकीदार एकच निघाला. इमारतीच्या रंगाची वर्गणी, १ जानेवारी १९९४, रुपये ३५०. सदनिका आमची. नाव बाबांचं.

खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता, कॉम्प्युटरचा. मग काकांनी फोन काढला. “उपविधीप्रमाणे २१ टक्के सरळव्याज. वर्षाला साडेत्र्याहत्तर. ३१ वर्षं... मुद्दल धरून २६२८ रुपये ५० पैसे.”

“थांबा,” मी म्हटलं, “प्रोग्रॅम काय म्हणतो बघू. अधिकृत तोच.” आणि ‘व्याजासह बाकी’ निवडून एंटर दाबलं.

पडद्यावर आलं: -६७९.००.

काकांनी चष्मा पुसला. मला दोन सेकंदांत उलगडलं. प्रोग्रॅम आजची तारीख मशीनला विचारत होता, आणि मशीन आपल्या १९८० मध्ये सुखात होतं. वर्गणी लागू व्हायला अजून चौदा वर्षं होती. व्याज उणे १०२९, त्यात मुद्दल ३५०. म्हणजे सोसायटीच आम्हाला ६७९ रुपये देणं लागत होती.

“तुमच्या मशीनची तारीख चुकलीय,” काका म्हणाले.

“काका, तुम्हीच म्हणालात, जुना रेकॉर्ड हवा.”

“कोण म्हणतं बाकी आहे?” आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “साडेतीनशे ना? रंगाचे? ते दिलेच नाहीत आम्ही. आणि देणारही नाही. मागची भिंत रंगवलीच नव्हती. कंत्राटदार परांच्या घेऊन निघून गेला, तेव्हा तुम्ही जिन्यात उभे होतात, चौकड्यांचा शर्ट घालून.”

काकांनी चौकड्यांच्या शर्टाचा इन्कार केला नाही. हा विषय आता वार्षिक सर्वसाधारण सभेत सातव्या क्रमांकावर आहे. मी दोन्ही हिशोबांच्या प्रती काढून दिल्या आहेत.

सगळे गेल्यावर मी स्टूल घेतलं, मदरबोर्ड उघडला, तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेली नवी बॅटरी शोधून काढली आणि सोल्डरिंग गन तापत ठेवली. बायकोने येऊन प्लग काढला.

“सभा होईपर्यंत,” ती म्हणाली, “त्या बॅटरीला हात लावायचा नाही.”