विज्ञानपटांचा वाद्यवृंद आणि रागदारीवर वाढलेले आपले कान

विज्ञानकथेवरील साहसपटांसाठी रचलेले वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत पडद्यावरचे दृश्य बाजूला ठेवूनही निवांत बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे, इतक्या योग्यतेचे आहे, असे माझे ठाम मत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या, रागदारी ऐकत वाढलेल्या माणसाला ते सहज उमगेल, असेही मला मनापासून वाटते.

1977 साली 'स्टार वॉर्स' आला, तेव्हा अंतराळ म्हटले की विजेवर चालणाऱ्या वाद्यांचे चमत्कारिक आवाज, अशी बऱ्याच जणांची कल्पना होती. जॉन विल्यम्स यांनी मात्र लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा हाताशी घेऊन एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीताच्या वळणाची भरघोस रचना केली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण ग्रह, प्राणी, याने असे सगळेच डोळ्यांना अनोळखी असताना भावना तरी ओळखीची असावी लागते, आणि ती ओळख कानावाटेच पटते. त्या चित्रपटात दोन सूर्य मावळत असताना घर सोडून जाण्याची आस लागलेला एक तरुण क्षितिजाकडे पाहत उभा असतो. तिथे आधी एकटा फ्रेंच हॉर्न एक संथ स्वरावली वाजवतो आणि मग तीच स्वरावली सगळी तंतुवाद्ये उचलून धरतात. दोन सूर्य आपण कोणीच पाहिलेले नाहीत, पण ती हुरहुर परकी वाटत नाही.

या संगीताची खरी गंमत आहे ती एकेका पात्राला किंवा कल्पनेला ठरावीक स्वरावली देण्यात. जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या संगीतनाटकांत ही पद्धत पूर्णत्वाला गेली, चित्रपटांनी ती उचलली आणि विल्यम्स यांनी ती पडद्यावर नव्या जोमाने आणली. चार स्वरांची पकड कानी पडताच राग ओळखणाऱ्या श्रोत्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ज्या बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले आणि ज्या बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी पिढ्यान् पिढ्या संवादिनी शिकवली, तिथल्या कानांना तर मुळीच नाही. स्वरावली तीच, पण लय, वाद्य आणि जागा बदलली की तिचा अर्थ कसा पालटतो, हे मात्र लक्ष देऊन ऐकावे लागते.

खलनायक डार्थ व्हेडरचे कूच-संगीत पहिल्या चित्रपटात नव्हतेच. ते 1980 च्या दुसऱ्या चित्रपटात आले, तेही पितळी वाद्यांच्या दणदणीत, छाती दडपून टाकणाऱ्या आवाजात. 1983 मध्ये त्याच व्हेडरच्या मृत्यूच्या वेळी तीच चाल अगदी क्षीण होऊन येते, आणि तिचे शेवटचे स्वर हार्पवर एकेक करून विझत जातात. पुढे 1999 च्या चित्रपटात तो अजून निरागस मुलगा असताना त्याच्या गोड धूनीच्या अखेरीस त्याच भयंकर चालीचे सूर हळूच डोकावतात. एका माणसाचे सबंध आयुष्य, तेही उलट्या क्रमाने, केवळ स्वरांतून सांगण्याची ही ताकद थोर आहे आणि तिची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

'ई.टी.'ची (1982) गोष्ट तर संगीतकाराच्या मानाची आहे. शेवटच्या लांबलचक प्रसंगाचे संगीत चित्राच्या लांबीत काटेकोर बसेना, तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी विल्यम्सना पडद्याकडे न पाहता मैफलीत वाजवावे तसे मोकळेपणी वाजवू दिले आणि नंतर त्या संगीताबरहुकूम दृश्यांचे संकलन केले. तो शेवट ऐकताना वाद्यवृंद कुठेही घाईत वाटत नाही, याचे कारण हेच असावे.

हॅन्स झिमर यांची वाट निराळी आहे. 'इंटरस्टेलर'साठी (2014) त्यांनी लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन वापरला. हवेवर बोलणारे ते वाद्य श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेल्या अंतराळवीरांच्या कथेला शोभतेच. तरीही माझे मन अधिक रमते ते विल्यम्स आणि जेरी गोल्डस्मिथ यांच्या पिढीत, कारण त्यांच्या चाली चित्रपट संपल्यावरही गुणगुणता येतात.

एक कळकळीची विनंती आहे. हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण डबल बास, ट्यूबा यांचे खर्जातले सूर त्यातून उमटतच नाहीत आणि अर्धी रचना वाया जाते. मराठा लाइट इन्फंट्री सेंटरचा बँड ज्यांनी समोर उभे राहून ऐकला आहे, त्यांना पितळी वाद्यांचा आवाज अंगावर कसा येतो, हे सांगायला नको. निदान चांगले हेडफोन तरी वापरावेत. चित्रगृहातही श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावून दारे उघडली जातात, तेव्हा नेमक्या त्याच वेळी सगळ्या स्वरावली एकत्र गुंफलेली रचना वाजत असते, आणि ती संपेपर्यंत प्रेक्षकांनी खुर्ची सोडू नये.

आपल्या भागात गाण्याच्या बैठकांना दर्दी श्रोते आजही येतात. त्यांच्यासाठीच एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात, पडदा न लावता, केवळ चांगल्या ध्वनियंत्रणेवर या रचना ऐकवण्याचा आणि त्यांतल्या स्वरावली उलगडून दाखवण्याचा कार्यक्रम व्हावा, असे मला वाटते. ज्यांना यात रस असेल त्यांनी खाली जरूर लिहावे. रचना निवडण्याचे काम मी आनंदाने करीन.