आज्ञाधारकपणा उपजत नव्हे
सत्तेपुढे मान तुकवणे हा मनुष्यस्वभावच आहे, हे एका लेखात वाचलेले प्रतिपादन मला पटत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कालपर्यंत दरबाराला मुजरा करणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी १९५१-५२ च्या निवडणुकीत रांगेत उभे राहून मतदान केले. एवढ्या अल्पावधीत स्वभाव पालटत नसतो. त्याआधी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, पुढे अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद केल्या, आणि बरोबरीची जाणीव रुजली ती त्या एकत्र बसण्यातून, असे मी ठामपणे मानतो. मात्र आजही पेठेतल्या तालमीच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मागणाऱ्या पोराला ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’ म्हणून दटावले जाते. तो उद्या नगरसेवकाला जाब कसा विचारणार?