मागच्या आर्मचा रंग सगळे सांगतात, लांबी कुणीच सांगत नाही

मागच्या सस्पेन्शनचा अ‍ॅडजस्टेबल आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा, विकायचा आणि त्याची किमान-कमाल लांबी कुठेच लिहायची नाही, हा काय प्रकार आहे? रंग लिहितात. लाल, निळा, काळा, जांभळा. 'थेट बसतो' असं ठळक अक्षरांत लिहितात. पण एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्या बोल्टच्या मध्यापर्यंत किती मिलीमीटर, बुश (टोकाच्या भोकातला, बोल्टभोवतीचा जोड) कशाचा, आटे कोणत्या मापाचे, लांबी पक्की धरणारा चेक नट किती न्यूटन-मीटरला आवळायचा, यातलं एक अक्षर नाही. अरे, आर्म म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर! तेच सांगायचं नसेल तर विकताय काय?

सगळं ठरतं ते लांबीवर. गाडी खाली केली की बहुतेक मल्टीलिंक (एका चाकाला अनेक आर्म असलेल्या) सस्पेन्शनमध्ये मागचं चाक वरून आत झुकतं, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. तो कमी करायचा तर वरचा आर्म लांब हवा किंवा खालचा आखूड. वरच्या-खालच्या जोडांमधलं उभं अंतर २५० मिमी धरा, तर एका अंशाला साधारण ४.४ मिमी लागतात. आर्मच्या दोन्ही टोकांना १.५ मिमी पिचचे आटे असतील, एकीकडे सुलटे आणि दुसरीकडे उलटे, तर मधली नळी एक फेरा फिरवली की लांबी ३ मिमी बदलते. म्हणजे जवळपास ०.७ अंश. एवढा सोपा हिशेब, पण आकडेच दिले नाहीत तर करायचा कशावर? खालचा आर्म पूर्ण आत घेऊनही मूळ मापापेक्षा लांबच राहिला, तर कॅम्बर हवा तिथे येतच नाही. आणि लांबी पुरत नाही म्हणून तो बाहेर काढत गेलात, तर आटे किती उरले ते कुणी बघत नाही. १६ मिमीच्या दांड्याचे निदान १६ मिमी आटे आत हवेतच, मी तर २४ म्हणेन. चांगल्या आर्मला त्यासाठी तपासणीचं छोटं भोक असतं. स्वस्त नकलांना ते नसतं, आणि दांडा कुठवर आत आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

त्यात तो सल्ला: 'टायर आतून खातोय? कॅम्बर आर्म टाका.' टो (वरून बघता चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किती आत किंवा बाहेर आहे ते) बघितला का आधी? टो बरोबर असेल तर दीड-दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर टायर बऱ्यापैकी सहन करतो. टो बिघडला की टायर प्रत्येक फेऱ्याला आडवा घासतो, आणि निगेटिव्ह कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असतो म्हणून आतली कड आधी जाते. शिवाय कॅम्बर बदलला की टोसुद्धा हलतो. टो लावायची सोय नसताना नुसते कॅम्बर आर्म गळ्यात मारणं म्हणजे गिऱ्हाइकाचे टायर मारणं. टो आर्म किती नाजूक प्रकरण आहे बघा: त्याचा जोड चाकाच्या मध्यापासून १५० मिमीवर असेल आणि टायर ६०० मिमी व्यासाचा असेल, तर तशाच आट्यांच्या नळीचा पाव फेरा त्या एका चाकाचा टो ३ मिमीने बदलतो. कित्येक गाड्यांमध्ये दोन्ही चाकांचा मिळून टो तेवढाही नसतो. आणि लोक हा आर्म डोळ्यांनी 'अंदाजे सरळ' लावून हमरस्त्यावर जातात!

बुशबद्दलही तीच लपवाछपवी. रबरी बुश सगळ्या दिशांना थोडा वाकतो, आवाज गिळतो. पॉलियुरेथेन कडक असतो, आतल्या नळीवर फिरतो, ग्रीस संपलं की कुरकुरतो. गोल बेअरिंगचा जोड अजिबात दबत नाही, प्रत्येक खड्डा केबिनमध्ये पोचवतो आणि धुळीचं रबरी टोपण नसेल तर लवकर खुळखुळतो. हे तिन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पण ट्रेलिंग आर्मला (गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या आर्मला) कडक पॉली बुश विकणाऱ्यांना खरंच जाब विचारायला हवा. तो आर्म वरखाली होताना थोडा पिळतोही, आणि तो पीळ घ्यायला तिथे रबर किंवा गोल जोडच लागतो. कडक पॉली घातला की सस्पेन्शन अडखळतं आणि ताण ब्रॅकेटवर जातो.

आता सगळ्यात संतापजनक गोष्ट. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत इम्पॅक्ट गनने सगळे बोल्ट कचकचून आवळायचे. रबरी बुशची आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला पक्की धरली जाते, त्यानंतर आर्म हलतो तो फक्त रबराच्या पिळाने. लोंबकळत आवळलं तर गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलं राहतं, कायमचं. मग ते फाटतं, खडखड सुरू होते आणि दोष आर्मला. त्याआधी तेच पिळलेलं रबर जादा स्प्रिंगसारखं गाडी उचलून धरतं, त्या उंचीवर अलाइनमेंट होतं, आणि रबर सैल पडल्यावर आकडे पुन्हा बदलतात. 'पण माझे बुश पॉलीचे आहेत' म्हणणाऱ्यांनी आर्मचं दुसरं टोक बघावं. कित्येकदा तिथल्या नकलमधला (knuckle, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग) बुश मूळ रबराचाच असतो.

बरं, योग्य पद्धत अवघड आहे का? काम सुरू करायच्या आधी सपाट जागी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा, लिहून ठेवा. बोल्ट हाताने बसवा. मग हबखाली जॅक लावून तीच उंची आणा आणि तेव्हाच टॉर्क पान्याने आवळा. जॅकने गाडीच स्टँडवरून उचलली जायला लागली तर लगेच थांबा. रॅम्पवर चाकं टेकवून आवळणं त्याहून बरं. दहा-पंधरा मिनिटांचं काम, तेवढंही होत नाही?

खालच्या आर्मवर स्प्रिंग बसत असेल तर बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक हवाच, ती दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल. तिथे सडपातळ नळीचा आर्म चालत नाही, स्प्रिंगची वाटी असलेलाच लागतो. अँटी-रोल बारच्या लिंकची जागा, एबीएस वायरची क्लिप, हेडलाइटच्या उंचीच्या सेन्सरचा कान, यांतलं काहीतरी नव्या आर्मला हमखास नसतं. मग वायर टायने बांधा आणि सेन्सर लोंबकळत ठेवा, हेच तुमचं 'थेट बसतो'? बुशची आतली नळी ब्रॅकेटपेक्षा आखूड निघाली तर बोल्टचा जोर ब्रॅकेट चेपण्यात जातो, लांब निघाली तर ती आत शिरत नाही. नळीच्या तोंडावर पावडर कोटिंग असेल तर ते खरवडून काढा. ते दबलं की पकड ढिली होते.

कॅम बोल्ट (फिरवून कोन बदलायचा मूळ बोल्ट) गंजून बुशच्या नळीत अडकलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असूनही नवा बोल्ट हातात न घेता काम सुरू करतात. आधी कॅमची खूण करा, गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी मारा. तरीही नुसतं रबरच पिळत असेल तर हातोडा आवरा, बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. अ‍ॅडजस्टेबल आर्म बसवल्यावर तो कॅम मध्यावर ठेवा किंवा तो हलू न देणारी लॉक प्लेट घाला, नाहीतर दोन जागी अ‍ॅडजस्टमेंट आणि घसरली कुठली ते कळायचं नाही. अँटी-सीझ (आटे गंजून अडकू न देणारं ग्रीस) लावायचं ते अ‍ॅडजस्टमेंटच्या आट्यांना. टॉर्कच्या बोल्टला लावलंत तर त्याच आकड्याला तो जास्त ताणला जातो.

शेवटी अलाइनमेंटवाला म्हणतो, 'मागचं होत नाही.' अहो, समोर चार चेक नट दिसतायत! आधी कॅम्बर, मग टो, दोन्ही चाकांना सारखा. मागचा टो असमान राहिला की थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने नेतात तिचा कोन) बिघडतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं, मग पुढचं कितीही करा. चेक नट आवळताना दोन्ही टोकं एका रेषेत धरा, नाहीतर जोड तिरका अडकतो. एका बाजूचा नट उलट्या आट्यांचा आहे, तो उलटा फिरवून आवळायचा असतो. नट आणि नळीवर मिळून रंगाची एक रेघ मारा. १०० किलोमीटरनंतर ती रेघ तुटलेली दिसली तर नट पुन्हा आवळा आणि टो पुन्हा मोजायला लावा, पैसे न देता.