जर्मनीने चित्रपुस्तकांवर बंदी घातली? कधी?

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं सार असं: महायुद्धात बेचिराख झालेल्या जर्मनीने मुलांच्या चित्रपुस्तकांवर बंदी घातली, कागद फक्त पाठ्यपुस्तकांना दिला, म्हणून देश उभा राहिला, चित्रपुस्तकं ही सुबत्ता आल्यावरची चैन, तीही अमेरिकेने खपवलेली, चित्रांनी कल्पनाशक्ती मरते. एरवी मी डिलीट करून मोकळी झाले असते. पण वहिनीने ते वाचून भाचीची सगळी चित्रपुस्तकं माळ्यावर टाकली. पोरगी चार वर्षांची आहे. तेव्हा आता बोलणं भाग आहे.

आधी ती ‘बंदी’. १९४५ साली जर्मनीत मुलांना वाचायला फारसं काही उरलं नव्हतं, हे खरं. नाझी विचारांची पुस्तकं हटवली गेली होती आणि शहरं बॉम्बखाली गेली होती. त्याच वर्षी येला लेपमान ही ज्यू पत्रकार अमेरिकी सैन्याची सल्लागार म्हणून जर्मनीत परतली. नाझींच्या काळात तिला देश सोडून लंडन गाठावं लागलं होतं. स्त्रिया आणि मुलांसाठी काय करता येईल, एवढंच तिला विचारलं होतं. तिने वीस देशांना पत्रं पाठवून मुलांची पुस्तकं मागितली, आणि त्यातही चित्रांची आधी, कारण परकी भाषा न येणाऱ्या मुलालाही चित्र कळतं. बेल्जियमने नकार दिला: जर्मनांनी दोनदा आमच्यावर चाल केली, आम्ही पुस्तकं का द्यावीत? बाईने पुन्हा पत्र लिहिलं. पुस्तकं आली. हे सगळं तिच्या १९६४ च्या आठवणींच्या पुस्तकात आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते चाळलं असतं तरी पुरे होतं.

जुलै १९४६ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरलं, तेही ‘हाउस डेर कुन्स्ट’मध्ये. ‘शुद्ध जर्मन कला’ मिरवायला हिटलरने बांधून घेतलेली, १९३७ साली उघडलेली ही इमारत. तिथे आता देशोदेशीची चित्रपुस्तकं मांडली होती. त्याच वर्षी नाताळात बर्लिनमध्ये लेपमानने फर्डिनंडच्या, म्हणजे लढायचं सोडून फुलांचा वास घेत बसणाऱ्या बैलाच्या, गोष्टीचा स्वतः अनुवाद करून वर्तमानपत्राच्या कागदावर तीस हजार प्रती छापून घेतल्या आणि मुलांना वाटल्या. या पुस्तकावर बंदी होती खरी. हिटलरच्या राज्यात!

आता अमेरिकेचा मुद्दा. सैन्य अमेरिकी, फर्डिनंडही अमेरिकी, तेवढं मान्य. पण याला खपवणं म्हणत असाल तर फुकट वाटलेल्या प्रतींचा नफा कुणाला झाला, तेही सांगा.

चैन? ब्रिटनमध्ये १९४० साली, कागदाचं रेशनिंग चालू असताना, संपादक नोएल कॅरिंग्टनने ‘पफिन’ या मालिकेत मुलांची चित्रपुस्तकं काढली. किंमत सहा पेन्स. खर्च वाचावा म्हणून चित्रकार थेट छपाईच्या (लिथोच्या) प्लेटवर रेखाटायचे. पूर्वेकडे, कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्रन्कासारखा मोठा कलावंत मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत होता, आणि १९६७ पासून ब्रातिस्लाव्हात निव्वळ पुस्तकचित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरतं. सरकारी प्रकाशनांत प्रचारही होता, नाही कशाला म्हणा. पण आपल्याकडे लोकवाङ्मय गृहातून स्वस्तात आणलेली रशियन चित्रपुस्तकं मांडीवर घेऊन वाढलेली पिढीच आज हा फॉरवर्ड पुढे ढकलतेय, याला काय म्हणावं!

राहिली कल्पनाशक्ती. फर्डिनंड बुचाच्या झाडाखाली बसतो, एवढंच मजकुरात आहे. पुस्तकाचा चित्रकार रॉबर्ट लॉसन याच्या चित्रात मात्र त्या झाडाला बाटल्यांची बुचं फळांसारखी घोसाने लटकलेली दिसतात. बुच झाडाच्या सालीपासून निघतं हे ठाऊक असलेला मोठा माणूस हसतो, आणि मूल विचारतं, बुचं झाडाला लागतात का गं? इथे कल्पनाशक्ती नेमकी कुठे मेली?

आणि हो, ‘बंदी’ घालणाऱ्या त्याच जर्मनीत, म्युनिकला, लेपमानने १९४९ साली आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय सुरू केलं. आज ते ब्लुटेनबुर्गच्या किल्ल्यात आहे, चालू आहे. वहिनीला हा मजकूर पाठवलाय. शिडी माळ्याला लावूनच ठेवली आहे.