शतावरी कल्पाच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

3 महिने आमचा शतावरी कल्प घेऊनही अंगातून वाफा निघणं थांबलं नाही, रात्रीचा घाम तसाच, वर साखर वाढली. विचारायला आलात तर "अजून 3 महिने घ्या" म्हणून पाठवणी झाली. तुम्ही एकच तारा दिलात, तो मला मान्य आहे.

पण तुम्ही शेवटी सहज लिहिलेली ओळ मला आधी घ्यायची आहे. पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि गेल्या महिन्यात दोन दिवस डाग दिसले. आमच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं, "उष्णता बाहेर पडतेय, चांगलंच आहे." ताई, हे साफ चूक आहे. पाळी थांबून 12 महिने उलटल्यावर नुसता डाग दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. बहुतेकींमध्ये कारण साधं निघतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही पुष्कळदा याच खुणेने कळतो, आणि लवकर कळला तर बहुतेकदा बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी दिसते. कृपा करून हा आठवडा जाऊ देऊ नका.

आता साखरेचं. कल्पाचे ते दाणे म्हणजे शतावरी साखरेत आटवलेली. डब्यात औषधापेक्षा साखरच जास्त. दिवसाला चार चमचे दुधातून घ्यायला सांगताना डायबेटिस आहे का, एवढं तरी विचारायला हवं होतं. ते विचारलं गेलं नाही, ही चूक माझी, त्या मुलीची नाही. तिला मी शिकवलंच नव्हतं.

वाफांवर शतावरी हमखास चालते असा भक्कम पुरावा नाही. सोयाबीनमधल्या आयसोफ्लॅव्होन नावाच्या घटकाने काहींना थोडा आराम पडतो, काहींना अजिबात नाही. ब्लॅक कोहोश या परदेशी वनस्पतीच्या गोळ्या गिऱ्हाइकं मागतात, पण त्या घेणाऱ्या काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून मी ठेवत नाही. वाफांवर सगळ्यात चांगला गुण हार्मोनच्या उपचारांनी येतो. मात्र डाग कशाचे ते कळल्याशिवाय तेही सुरू करत नाहीत, म्हणून तपासणी आधी.

"मेनोपॉजवर खात्रीशीर" ही काउंटरमागची पाटी काल मी स्वतः उतरवली. तिन्ही डब्यांचे पैसे परत करते, रिकामे असले तरी. त्यासाठी दुकानात यायची गरज नाही, बिलावरच्या नंबरवर निरोप टाका. आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं तर डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा, मी वाट बघतेय.