आईच्या गोंदणाखालची नाडी

बेळगावात आईचा गुडघा बदलला. चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला, ती खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आली आणि धाकट्या भावाने तिच्या डाव्या मनगटावर स्मार्ट वॉच बांधलं. घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट. भाऊ म्हणाला, घड्याळ सगळं सांगतंय, दवाखान्यात पडून राहायची गरजच नाही. मामा म्हणाले, हे खेळणं आहे, अक्काला आणखी आठवडाभर तिथंच ठेवायला हवं होतं.

मी लीड्सला नर्स आहे. इंग्लंडात २०२२ पासून ‘व्हर्च्युअल वॉर्ड’ मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. रुग्ण स्वतःच्या घरी असतो. त्याची नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब आमच्यापर्यंत पोचतात. आकडा बिघडला की आम्ही फोन करतो, गरज पडली तर कुणी तरी घरी जातं. त्यामुळे माझं मत भावाच्या बाजूला पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी भावाचा घाबराघुबरा फोन आला. ऑक्सिजन ८८, नाडी १०४. आईची नाडी एरवी सत्तरच्या घरात असते. धाप लागतेय का, छातीत दुखतंय का, पोटरी सुजलीय का, ताप आहे का, हे आधी विचारलं. यातलं काहीच नव्हतं. मग व्हिडिओवर मनगट दाखवायला सांगितलं. घड्याळाच्या बरोबर खाली आईचं गोंदण! ही घड्याळं त्वचेत प्रकाश टाकून रक्ताची हालचाल वाचतात. गोंदणाची शाई तो प्रकाश अडवते. आमच्याकडच्या किती आज्या-मावश्यांच्या हातावर तुळस नि टिपके आहेत, आणि वर हातभर बांगड्या! घड्याळ उजव्या हाताला बांधलं, बोटाला साधा ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९६. नाडी मात्र शंभराच्या वरच.

कारण सापडलं ते शेजारच्या काकूंना. त्या आईजवळ बसल्या, इकडचं-तिकडचं बोलल्या, तेव्हा आई म्हणाली, “संडासाला उठायला लागतंय म्हणून पाणीच पीत न्हाई मी.” आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास, तोही परसात. भावाने दुसऱ्याच दिवशी खानापुरातून कमोडची खुर्ची आणली. आई पाणी पिऊ लागली, दोन दिवसांत नाडी खाली आली.

ही गोष्ट मी व्हर्च्युअल वॉर्डमध्ये रोज पाहते. घड्याळ शंका उभी करतं, उत्तर माणूस काढतो. नाडी वाढण्यामागे कमी पाणी असू शकतं, जखमेत जंतुसंसर्ग असू शकतो, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. तिन्ही वेळा घड्याळ १०४ च दाखवणार. लीड्समध्ये तो आकडा पाहणारी नर्स पगारावर असते. माझ्या आईचा आकडा मुलाच्या मोबाइलवर जातो, आणि मुलगा दिवसभर कामावर.

आपल्याकडे आरोग्यावरचं भांडण सरकारी योजनेच्या कार्डापाशी अडतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकात असलेल्या आमच्या सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली. ऑपरेशनचा खर्च कोण देणार हा प्रश्न खराच आहे. गरिबाचं सगळं त्यावर अडतं, मी तो लहान मानत नाही. पण रुग्ण गावच्या एसटीतून उतरल्यावर पुढचे पंधरा दिवस त्याला कोण विचारणार, यावर दोन्हीकडून कुणी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही.

आईच्या डिस्चार्ज कार्डावर सगळं इंग्रजीत होतं, मोबाइलवरचे मेसेज कन्नडमध्ये आले. तिला दोन्ही वाचता येत नाही. हा मुद्दा मी झेंडा हातात घेऊन मांडत नाही. ‘पोटरी सुजली तर ताबडतोब या’ हे वाक्य तिला कळलं नाही तर जीव जाईल, एवढंच.

म्हणून मामांना मी सांगितलं, आठवडाभर जास्त ठेवून हे सुटलं नसतं. संडास घरचाच होता. भावाला सांगितलं, घड्याळ राहू दे, पण रोज संध्याकाळी काकूंना आईजवळ बसव. आणि बेळगावच्या डॉक्टरांकडे मागणं एकच आहे: घरी पाठवताना मराठीत एक पान द्या, आणि त्यावर असा फोन नंबर लिहा जो रात्री दहानंतरही कुणी तरी उचलेल.