दूर कुंद्री!

सोमवारी सकाळी आमच्या क्रेडिट सोसायटीच्या कॅशियरचा फोन आला. "साहेब, अंगावर फोड आल्यात. डॉक्टर कांजिण्या म्हणालेत." फोन स्पीकरवर होता. सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या, कारण शनिवारी त्यानं आणलेला, दूध आटवून केलेला गोड कुंदा शेवटी खरवडून खाणारा मीच. चमचासुद्धा त्याचाच.

कांजिण्यांची खोडच तशी. अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस त्या वाटत सुटतो. म्हणजे शनिवारी कुंद्याबरोबर आणखी काय पदरात पडलं, ते आता 10 ते 21 दिवसांत कळणार होतं. फिक्स डिपॉझिटचीसुद्धा इतक्या काळजीनं मॅच्युरिटी मोजली नसेल मी!

मॅनेजरसाहेबांनी शर्टाची बाही वर सारून दंडावरचा वण दाखवला. "मला काय होत नाही. देवीची लस टोचलेली आहे." देवी वेगळ्या, कांजिण्या वेगळ्या, आणि देवी तर 1980 सालीच जगातून गेल्याचं जाहीर झालंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. इन्क्रिमेंट जवळ आलं होतं.

शिपाईमामांनी कॅशच्या ड्रॉवरात सॅनिटायझर मारला. नोटा भिजल्या. भिजल्या म्हणून टेबलावर पसरल्या. पसरल्या म्हणून पंखा लावला. पुढची दहा मिनिटं अख्खा स्टाफ टेबलाखाली डोक्याला डोकं लावून नोटा गोळा करत होता. हा रोग हवेतून पसरतो हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात नव्हतं. पन्नासची एक नोट कमी भरतीय, हे मात्र सगळ्यांच्या ध्यानात होतं.

तेवढ्यात एक अज्जा पावती बदलायला आले आणि थेट माझ्या शेजारच्या खुर्चीत. पलीकडून आमच्या क्लार्क बाई कन्नडमध्ये ओरडल्या, "अज्जा, दूर कुंद्री!" म्हणजे आजोबा, लांब बसा. अज्जांना ऐकायला कमी. त्यांचा चेहरा खुलला. "कुंदा? कोड्री, कोड्री!" म्हणजे द्या, द्या!

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "लहानपणी येऊन गेल्या असतील तर बहुतेक पुन्हा यायच्या नाहीत. नसतील आल्या, तर लस घ्या. पण संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांच्या आत. मोठ्या माणसाला जरा जास्तच त्रास होतो." म्हणजे मुदत गुरुवारपर्यंत. खानापूरकडं गावी आईला फोन लावला.

"आल्त्या की तुला. न्हवं, थोरल्याला आल्त्या. थांब, थोरल्याला गालफुगी. त्या साली म्हशीला पण काय तरी झाल्तं बघ."

"आई, म्हशीचं राहू दे."

"राहू दे कसं? दूध बंद झाल्तं."

मंगळवारी थोरला म्हणाला, मला नव्हत्याच, तुला. बुधवारी आत्यानं दोघांनाही सोडून तिसऱ्याच चुलतभावाचं नाव घेतलं. माझ्या नाकावर एक बारीक खड्डा आहे. पक्का पुरावा म्हणून त्याचा फोटो आईला पाठवला. गुरुवारी रात्री नातवाकडून मोबाईलवर मोठा करून बघून तिनं फोन केला, "ते कोंबडीनं टोचलेलं." शुक्रवारी सकाळी मावशीनं शपथेवर सांगितलं, की मला कांजिण्या आल्याच नव्हत्या. लसीची मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

पुढं रोज आंघोळीनंतर आरशासमोर पाठ करून मान मोडेपर्यंत बघणं सुरू झालं. पंधराव्या दिवशी मानेवर एक लाल गाठ उठली. स्टाफनं तीन टेबलं सोडून मोबाईल झूम करून तिचे फोटो काढले. शेवटी शिपाईमामाच जवळ आले, नाक न झाकता. "ढेकूण हाय ओ," म्हणाले. ढेकणाचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

कॅशियर मात्र त्याच्या आधीच, खपल्या धरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं हजर झाला होता. थोडा बारीक, चेहऱ्यावर ठिपके, हातात खोका. "इतके दिवस तुम्ही माझं काम ओढलासा," म्हणत त्यानं झाकण काढलं. तुपाचा वास ऑफिसभर पसरला. मॅनेजरसाहेबांना अचानक शुगर आठवली. बाईंचा उपवास निघाला. मी कॉम्प्युटरात डोकं घातलं.

आणि पावती न्यायला आलेले अज्जा खुर्ची ओढत पुढं सरकले.

"कोड्री."